बाबांचा डब्बा मॉनिटर गेला, आता कोणता घेऊ?

सुदामा नगर, इंदूर इथून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांचं मल्हारगंजात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका असं काम चाले. दुकान बंद झालं तेव्हा विंडोज ९८ चा संगणक आणि १७ इंची डब्बा मॉनिटर, म्हणजे काचेच्या ट्यूबचा जुना जाड मॉनिटर, घरी आला. वडील आता ७६ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तरी रोज तासभर जुन्या पत्रिका उघडून बसायचे, आणि नंतर नातू त्याच संगणकावर जुने डॉसचे गेम खेळायचा. गेल्या महिन्यात पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरली, बाकी सगळा पडदा काळा. तेव्हापासून वडील त्या खोलीत जात नाहीत. त्यांना "तोच पडदा" हवा असेल, असं वाचकांना वाटतं.

वाचकांनी तीन मॉनिटर शोधले आहेत. शेजाऱ्यांचा १५ इंची फुकट मिळतो आहे. बंद झालेल्या सायबर कॅफेतला १७ इंची १,५०० रुपयांना आहे. एका डिझाइन ऑफिसातला सोनीच्या ट्यूबचा २१ इंची ९,००० रुपयांना आहे. पत्नीचं म्हणणं आहे की सेकंडहँड एलसीडी आणा आणि विषय संपवा. वाचक विचारतात: दर्जा आणि किंमत दोन्ही पाहता कोणता घ्यावा? मोठा आणि सोनीचा म्हणून २१ इंचीच बरा ना? आणि गेलेला मॉनिटर कबाड्याला देऊन टाकू का?

---

नमस्कार.

तुमच्या तीन मॉनिटरांची तुलना करूच. पण पत्र वाचताना मी थांबले ती त्या पांढऱ्या रेघेपाशी. तुम्ही लिहिलं आहे की मॉनिटर गेला. मला वाटतं तो गेलेला नाही, आणि म्हणून पहिली विनंती: या आठवड्यात कबाड्याला हाक मारू नका.

कारण सांगते. डब्बा मॉनिटरच्या ट्यूबच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो आणि पडद्याच्या आतल्या बाजूच्या फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या लेपावर आदळून उजेड पाडतो. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात, त्यांना योक म्हणतात. योकचा एक भाग झोताला डावीकडून उजवीकडे फिरवतो, दुसरा वरून खाली. हे इतकं भराभर होतं की आपल्याला सलग चित्र दिसतं. मधोमध एकच आडवी रेघ उरते, तेव्हा डावं-उजवं फिरणं चालू असतं आणि वर-खाली फिरणं थांबलेलं असतं. म्हणजे झोत येतो आहे, ट्यूबला लागणारं पंचवीस हजार व्होल्टच्या घरातलं व्होल्टेज तयार होतं आहे, फॉस्फर उजळतं आहे. मॉनिटरमधली सगळ्यात महाग आणि आता कुठेच नवी न मिळणारी वस्तू, म्हणजे ट्यूब, काम करते आहे. बिघडलं आहे ते वर-खाली फिरवणारं सर्किट. अशा वेळी बहुधा त्यातली एक आयसी (चिप) गेलेली असते, किंवा वर्षानुवर्षं तापून आणि निवून तिच्या पायांचं सोल्डर सुटलेलं असतं. जुन्या टीव्ही मेकॅनिकला नुसतं सांगा, "व्हर्टिकल गेलंय," त्याला पुढचं कळतं. टीव्ही आणि मॉनिटर दोन्हींत हा नेहमीचा बिघाड होता, आणि दुरुस्ती तुमच्या ९,००० च्या आसपासही जाणार नाही.

तोवर "बघू आज चालतो का" म्हणून तो चालू करून ठेवू नका. सगळा झोत एकाच रेघेवर पडत राहिला तर तिथलं फॉस्फर कायमचं जळतं, आणि दुरुस्तीनंतरही ती रेघ चित्राच्या मागे डाग होऊन राहते. आणि स्वतः मागचं झाकण उघडू नका. मॉनिटर बंद करून प्लग काढला तरी ट्यूबमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो. हे काम ज्याने आयुष्यभर केलं आहे त्याच्याकडेच न्या. जेल रोड आणि महाराणी रोडच्या आतल्या गल्ल्यांत विचारत गेलात तर डब्बा टीव्ही दुरुस्त केलेले जुने हात भेटतील. एलसीडीचं बोर्ड बदलून देणाऱ्या नव्या मुलांना हे काम विचारू नका, त्यांच्या हातून ते गेलेलं नसतं.

दुरुस्ती करावी की नाही हे मात्र एका प्रश्नावर ठरेल, आणि त्याचं उत्तर बाबांनाच विचारा. रेघ येण्याआधीच्या महिन्यांत चित्र कसं दिसत होतं? चालू केल्यावर लगेच उजळायचं, की दहा-पंधरा मिनिटं फिकट राहून मग उजळायचं? ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवून ठेवावे लागत होते का? पांढऱ्या अक्षरांच्या कडा पसरट दिसत होत्या का? या सगळ्याला "नाही" आलं तर तुमच्या घरातली ट्यूब चांगली आहे, आणि बाहेरून आणायच्या तिन्ही मॉनिटरांपेक्षा तिची एक गोष्ट वरचढ आहे: ती कशी वापरली गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. "हो" आलं तर ट्यूबच थकली आहे, दुरुस्तीवर खर्च करू नका, आणि मग खालची तुलना तुमच्या कामाची.

आता तुमच्या मनातलं दुसरं गृहीत पाहू: मोठा आणि सोनीचा म्हणजे सरस.

सोनीच्या ट्यूबला नाव मिळालं ते उगाच नाही. कंपनीने १९६८ साली ट्रिनिट्रॉन ट्यूब बाजारात आणली. इतरांच्या ट्यूबमध्ये पडद्याच्या मागे बारीक भोकांचा धातूचा पत्रा असे, त्याला शॅडो मास्क म्हणतात. ट्रिनिट्रॉनमध्ये भोकांऐवजी वरपासून खालपर्यंत ताणलेल्या उभ्या तारा असतात. पत्रा झोताचा बराच भाग अडवतो, तारा कमी अडवतात, म्हणून चित्र उजळ आणि रंग भरीव दिसतात. उभ्या दिशेने पडदा सपाट असतो, त्यामुळे ट्यूबलाइटचं प्रतिबिंबही कमी त्रास देतं. त्या तारा थरथरू नयेत म्हणून एक किंवा दोन बारीक आडव्या तारा लावलेल्या असतात, आणि पांढऱ्या पडद्यावर नीट पाहिलं तर त्यांची केसासारखी सावली दिसते. हा दोष नाही, ओळखखूण आहे. समोरच्या पट्टीवर डेल, सन किंवा आणखी कुठलं नाव असलं तरी आत सोनीची ट्यूब असू शकते, कारण सोनी इतरांनाही बनवून देत असे. पुढे मित्सुबिशीनेही अशाच तारांची डायमंडट्रॉन ट्यूब काढली. तेव्हा तो २१ इंची पाहायला जाल तेव्हा नाव वाचण्याआधी पडदा पांढरा करून त्या दोन सावल्या शोधा.

इथे आकड्यांची एक गफलत होते, ती तुमच्यासारख्या पुष्कळांची होते म्हणून जरा सविस्तर सांगते. विकणारा म्हणेल, "साहेब, याचा डॉट पिच ०.२८ आणि याचा ०.२४, म्हणजे हा जास्त बारीक." ऐकायला बरोबर वाटतं. पण डॉट पिच म्हणजे पडद्यावरच्या एकाच रंगाच्या शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर, आणि शॅडो मास्कमध्ये ते तिरकं मोजत, आणि उभ्या तारांच्या ट्यूबमध्ये आडवं. ०.२८ मिलिमीटर तिरकं अंतर आडवं मोजलं तर साधारण ०.२४ च भरतं. दोघं जवळपास सारखे बारीक असू शकतात, आकडा मात्र वेगळा दिसतो. एकाच जातीच्या दोन ट्यूबची तुलना करताना आकडा वापरा, वेगळ्या जातींच्या ट्यूबमध्ये त्याचा उपयोग नाही. इंचांचंही तेच. १७ इंचीत दिसणारा पडदा १६ इंचांच्या आसपास असतो, २१ इंचीत २० च्या जवळ. उरलेली काच प्लॅस्टिकच्या चौकटीमागे जाते.

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी आकडा मॉनिटरच्या माहितीपत्रकात किलोहर्ट्झमध्ये दिलेला असतो, आणि तोच कुणी विचारत नाही. झोत सेकंदाला किती हजार आडव्या रेघा काढू शकतो, ते तो सांगतो. यावरून कळतं की तुम्हाला हव्या त्या रिझोल्यूशनवर (म्हणजे पडद्यावर आडवे बाय उभे किती ठिपके) पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगेल. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा रंगताना, डब्बा मॉनिटर लुकलुकतो, पांढऱ्या पानावर तर फारच. काहींना ते डोळ्यांना दिसत नाही, पण संध्याकाळी डोकं दुखतं. ७५ वर बरं वाटतं, ८५ वर डोळा शांत राहतो. १०२४ बाय ७६८ या रिझोल्यूशनवर ८५ हर्ट्झ हवे असतील तर मॉनिटरला साधारण ६९ किलोहर्ट्झ झेपले पाहिजेत. ८०० बाय ६०० ला ५४ पुरतात. १६०० बाय १२०० ला ८५ हर्ट्झ हवे तर १०६ च्या वर लागतात.

हे तुमच्या तिघांना लावून पाहा. शेजाऱ्यांचा १५ इंची ५४ किलोहर्ट्झच्या आसपास थांबणारा असेल तर ८०० बाय ६०० वर छान चालेल, १०२४ बाय ७६८ वर मात्र ६० हर्ट्झवर लुकलुकेल. सायबर कॅफेवाला १७ इंची ७० किलोहर्ट्झचा असेल तर बाबांच्या कामाला अगदी मापाचा. २१ इंचीची ताकद १६०० बाय १२०० ला दिसते, आणि बाबांच्या संगणकाचं त्या काळचं ग्राफिक्स कार्ड बहुधा तिथवर जाणारच नाही. म्हणजे ९,००० रुपये देऊन तुम्ही अशी गोष्ट घ्याल जी त्या टेबलावर कधी वापरलीच जाणार नाही. शिवाय वजन तीस किलोच्या आसपास. तुमच्या घरातलं संगणकाचं टेबल प्लायवूडचं असेल तर त्याचाही विचार करा.

नातवाच्या गेमसाठी तर १५ इंचीसुद्धा कमी नाही. डॉसचे पुष्कळ जुने गेम ३२० बाय २०० चे असतात, संगणक प्रत्येक रेघ दोनदा काढून ते ७० हर्ट्झवर पाठवतो, आणि साधा डब्बा मॉनिटर ते मूळ रूपात दाखवतो. हलणारं चित्र पुसट होत नाही, चौकोन ताणले जात नाहीत. इथे डब्बा मॉनिटरची तुमची ओढ खरी आहे हे मी मान्य करते. एलसीडीवर ते गेम तसे दिसत नाहीत.

आता ज्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते: त्या ट्यूबने आधी किती तास काढले. झोत सोडणारा कॅथोड तासागणिक झिजत जातो. दहा-वीस हजार तासांनंतर चित्र उतरायला लागतं, असं जुने मेकॅनिक साधारणपणे धरतात. सायबर कॅफेतला मॉनिटर रोज चौदा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस चालला असेल तर वर्षाला ४,२०० तास होतात. पाच वर्षांत २१,०००. शेजाऱ्यांच्या घरी मुलांच्या अभ्यासाला संध्याकाळी दोन तास लागणारा १५ इंची दहा वर्षांतही यापेक्षा खूप कमी चाललेला असतो. तेव्हा फुकटचा म्हणजे हलका, असं समजू नका. डिझाइन ऑफिसातल्यांनी मॉनिटर चांगला सांभाळलेला असतो हे खरं, पण दिवसभर तो पेटलेला असतो हेही तितकंच खरं.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकले. बारा वर्षं मी डीटीपी केलं आहे. त्या काळात बंद होणाऱ्या एका ऑफिसातून १९ इंची मॉनिटर घेतला. दुकानात दहा मिनिटं पाहिला, चित्र सुरेख. घरी आणला, काम सुरू केलं, आणि अर्ध्या तासाने काळी पार्श्वभूमी हळूहळू राखाडी व्हायला लागली. पाऊण तासात पडद्यावर तिरक्या पांढऱ्या रेघा उमटल्या. ट्यूब तापल्यावर आतलं एक व्होल्टेज सरकत होतं. विकणाऱ्याने मला मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, त्यानेही कदाचित दहा मिनिटांच्या वर तो चालवून पाहिला नसेल. पण तेव्हापासून मी कुणालाही सांगते: डब्बा मॉनिटर थंड असताना पाहा, आणि मग अर्धा तास तापल्यावर पुन्हा पाहा. अर्धा तास चालवू देत नसेल तर घेऊ नका, मग तो १,५०० चा असो की ९,००० चा.

थंड असताना काय पाहायचं? चालू केल्याबरोबर "ठण्ण" असा आवाज येऊन चित्र क्षणभर हलायला हवं. ते डीगॉस, म्हणजे पडद्यामागच्या पत्र्यावर साचलेलं चुंबकत्व पुसणं. मग चित्र किती सेकंदांत येतं ते मोजा. मिनिटभरात नीट उजळलं तर उत्तम. खोलीतला दिवा मालवून ब्राइटनेस मध्यावर आणा: काळं काळं दिसतं का, की राखाडी? सायबर कॅफेतल्या मॉनिटरच्या बाबतीत पूर्ण पांढरा पडदा करून कोपऱ्यात पाहा. ग्राहकाचा वेळ मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा चौकोन वर्षानुवर्षं एकाच जागी असतो, आणि त्याची पिवळट छाप फॉस्फरवर कायमची उरलेली मी पाहिली आहे.

तापल्यावर पडदा काळा करून त्यावर पांढऱ्या रेघांची जाळी काढा. पेंटमध्ये पाच मिनिटांत होते, किंवा नोकियाचा जुना मॉनिटर टेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो वापरा. मधल्या रेघा पांढऱ्या दिसतील, कोपऱ्यातल्या रेघांच्या एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार दिसू शकते. केसाएवढी असेल तर चालेल, दोरीएवढी असेल तर अक्षरं कायम दुहेरी दिसतील. पडदा पूर्ण लाल करा. कुठे जांभळा किंवा केशरी ढग दिसला तर घाबरू नका, आधी जवळचा स्पीकर दूर करा आणि पुन्हा डीगॉस करा. सारखं सारखं डीगॉस करू नका, दोन वेळांच्या मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर त्याचा परिणाम होत नाही. तरीही ढग जात नसेल तर तो ट्यूबमधला दोष समजा. आणि पडदा एकदा पांढरा, एकदा काळा असा बदलत राहा: चित्राचा आकार श्वास घेतल्यासारखा लहान-मोठा होत असेल तर वीजपुरवठ्याचा भाग कमजोर झाला आहे.

अक्षरांची परीक्षा मात्र जाळीने करू नका, ती बाबांना करू द्या. इंग्रजी अक्षरांवर फोकस पाहायची पद्धत आहे, पण देवनागरीइतकी कठोर परीक्षा त्यात होत नाही. नऊ पॉइंटात "चि. सौ. कां.", "श्रीक्षेत्र", "आशीर्वाद", "कार्यसिद्धी" असे शब्द चारी कोपऱ्यांत ठेवा. क्ष मधली गाठ भरून आली, रफार शिरोरेषेला चिकटला, अनुस्वाराचा ठिपका पसरला, तर त्या कोपऱ्यातला फोकस गेला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिकांतले रफार तपासले, त्याला हे सांगावंही लागणार नाही. विकणाऱ्याकडे जाताना तुमचा सीपीयूच गाडीत घालून न्या, म्हणजे मॉनिटर ज्या यंत्राला लावायचा आहे त्यालाच लावून पाहता येईल.

थकलेल्या ट्यूबला काही ठिकाणी बूस्टर लावून देतात, म्हणजे कॅथोड तापवणारी तार (फिलामेंट) जास्त तापवतात. काही काळ चित्र झगझगीत दिसतं, मग आणखी वेगाने उतरतं. जुना, फार वापरलेला मॉनिटर अनपेक्षित उजळ दिसला तर बूस्टर लावला आहे का ते स्पष्ट विचारा.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं म्हणणं झिडकारण्यासारखं नाही. फक्त पत्रिका पाहणं, छापणं हेच काम असेल तर एलसीडीवर अक्षरं जास्त रेखीव दिसतात, वीज कमी लागते आणि टेबलही मोकळं होतं. मात्र घ्यायचाच तर रुंद पडद्याचा घेऊ नका. जुनं कार्ड त्याचं मूळ रिझोल्यूशन देऊ शकणार नाही, मग अक्षरं ताणलेली आणि धूसर दिसतील आणि बाबा म्हणतील, "हा नको." १५ इंची चौकोनी एलसीडीचं मूळ रिझोल्यूशन बहुतेक वेळा १०२४ बाय ७६८ असतं, ते या संगणकाला सहज जमतं. विजेच्या फरकाचा बाऊही करू नका. १७ इंची डब्बा साधारण ऐंशी-शंभर वॉट घेतो, एलसीडी तीसच्या आसपास. रोज दोन तासांच्या वापरात हा फरक दिवसाला पाव युनिटसुद्धा होत नाही.

पण बाबांना विचारलंत का, त्यांना काय हवं आहे? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. तुम्ही लिहिता की त्यांना "तोच पडदा" हवा असेल. असेलही. किंवा त्यांना पत्रिका हव्या असतील, आणि पडदा कुठलाही चालेल. किंवा नातू शेजारी बसत होता ते हवं असेल. या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि ९,००० रुपयांचा मॉनिटर त्यातल्या एकाचंही नेमकं उत्तर नाही. म्हातारी माणसं स्वतःहून "मला हे हवं" म्हणत नाहीत. खोलीत जायचं बंद करतात आणि आपण अंदाज बांधत बसतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम करा, याच रविवारी करा. शेजाऱ्यांचा १५ इंची उचलून आणा, संगणकाला लावा आणि हार्ड डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. तुम्हाला मॉनिटरची काळजी लागली आहे, मला त्या डिस्कची लागली आहे. विंडोज ९८ च्या काळातली डिस्क म्हणजे वीस-पंचवीस वर्षं जुनं यंत्र, आणि ती बंद पडते तेव्हा आधी पांढरी रेघ दाखवत नाही. डिस्क बाहेर काढून आयडीई ते यूएसबी ॲडॉप्टरने आजच्या लॅपटॉपला लावता येते. नुसत्या पत्रिकांच्या फायली घेऊन थांबू नका, फॉन्टचं फोल्डर संपूर्ण घ्या. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा ढीग दिसतो. मराठी सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटर पोर्टला लावायचं लॉक मिळत असे, तेही जपून ठेवा, त्याशिवाय पुष्कळदा प्रोग्रॅम उघडतच नाही. आणि शक्य तितक्या पत्रिका पीडीएफ करून घ्या. मल्हारगंजात वीस-पंचवीस वर्षांत झालेल्या लग्नांची ती नोंद आहे, तिची दुसरी प्रत कुठेही नाही.

याच विषयाची आणखी काही पत्रं येतात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. टीव्हीला लावायचा जुना व्हिडिओ गेम हाताशी असेल तर संगणकाचा डब्बा मॉनिटर घेऊ नका. टीव्हीचा सिग्नल १५.६ किलोहर्ट्झचा असतो, आणि संगणकाचे (व्हीजीए) मॉनिटर ३१.५ च्या खाली बहुधा चालतच नाहीत. तुम्हाला डब्बा टीव्हीच हवा. आणि आजच्या संगणकाला डब्बा मॉनिटर लावायचा असेल तर नव्या ग्राफिक्स कार्डांवर व्हीजीएचं तोंड नसतं, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. स्वस्तातले कन्व्हर्टर १२८० बाय १०२४ ला ८५ हर्ट्झपर्यंत साधारण निभावतात, १६०० बाय १२०० ला ८५ हर्ट्झ त्यांच्याकडून होत नाहीत.

तुमच्यापुरतं माझं मत असं. आधी डिस्क. मग बाबांशी बोलणं. मग घरच्या मॉनिटरची दुरुस्ती, चित्र आधी चांगलं होतं असं बाबा म्हणाले तर. ती जमली नाही आणि बाबांना डब्बाच हवा असेल तर सायबर कॅफेवाला १७ इंची अर्धा तास तापवून पाहा. कोपऱ्यातली अक्षरं उभी राहिली आणि छाप नसेल तर १,५०० योग्य आहेत, छाप दिसली तर पाचशेलाही नको. शेजाऱ्यांचा १५ इंची नातवाच्या गेमसाठी राहू दे. २१ इंची चांगला असेल, पण तो ज्याच्याकडे ताकदीचा संगणक आणि भक्कम टेबल आहे त्याच्यासाठी. नातू मोठा होऊन स्वतः या छंदात पडला तर तेव्हा बघू.

आणि शेवटी एखादा मॉनिटर टाकायची वेळ आलीच तर कबाड्याला नको. तो तांब्यासाठी योक काढतो आणि ट्यूब फोडतो. त्या काचेत शिसं असतं. आपल्या शहरात घरोघरी कचरा वेगळा करून देण्याची सवय लागली आहे, ई-कचऱ्याचंही तसंच, महापालिकेच्या गाडीवाल्याला विचारून अखंड द्या.

मेकॅनिककडे नेताना मॉनिटर पडद्याची बाजू छातीकडे धरून उचला, सगळं वजन काचेकडे असतं. मागून उचललात तर तो पुढे कलंडतो. गाडीत जाड गोधडी पसरून पडदा खाली करून ठेवा, मागची मान कशालाही टेकू देऊ नका. झाकणाच्या फटींतली धूळ आधी कोरड्या ब्रशने काढा, पावसाळ्यात तीच धूळ ओलसर होऊन आत "चर्र" असा आवाज करते. आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवा. रेघ येण्याआधी चित्र वरून आकसत आलं होतं की एकदम मिटलं, हे मेकॅनिक पहिल्यांदा विचारेल, आणि ते फक्त बाबांनीच पाहिलं आहे.